ऑटिस्टिक पॅरा-क्लाइंबर : आवाज, उजेड, गर्दी आणि ठिकाणावर राहणारं डोकं, कसं जमवता?

उजवी_मूठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ऑटिस्टिक आहे. शिवाय जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, त्यामुळे डावी बाजू कमजोर आणि ताठर. चार वर्षं क्लाइंबिंग (कृत्रिम भिंतीवर, म्हणजे वॉलवर चढणं) करतेय, स्पर्धेत आरपी गटात असते (ज्यांना सांधे, स्नायू किंवा ताकदीची मर्यादा आहे त्यांचा गट). वॉलवर मला जितकं बरं वाटतं तितकं जगात दुसरीकडे कुठेच वाटत नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कोणी "मग सोडून दे" म्हणेल.

गेल्या महिन्यात पहिली मोठी स्पर्धा होती. पात्रता फेरी छान गेली. फायनलच्या आधी आयसोलेशन. रूट (वॉलवर चढायचा ठरवून दिलेला मार्ग) आधी कोणी बघू नये म्हणून सगळ्यांना एका खोलीत ठेवतात, फोन बाहेर. दोन तास. तीसेक माणसं, वॉर्मअपची छोटी वॉल, एक स्पीकर, डोक्यावर ट्यूबलाइटी, हवेत चॉक, आणि दर मिनिटाला कोणीतरी गादीवर धपकन उडी मारतंय. त्या प्रत्येक धप्प आवाजाला माझा डावा हात आपोआप मुठीत जातो, मी काही करत नाही, तो जातो. पाऊण तासाने मला बोलता येईना. माझा नंबर पुकारला तो ऐकू आला पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. वॉलपाशी गेले, दोराचं टोक हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. हजारो वेळा मारलेली फिगर ऑफ एट (दोर कमरेच्या पट्ट्याला बांधायची आठाच्या आकाराची गाठ), पहिल्या आठानंतर टोक कुठून परत घालायचं ते आठवेना. शेवटी बिलेयरने (खालून दोर सांभाळणाऱ्याने) गाठ मारली. तिसऱ्या होल्डवरून (हातापायाने धरायच्या खुंटीवरून) पडले.

नंतर कोच म्हणाले, तुझा मेंटल गेम कच्चा आहे. तेव्हापासून हेच वाक्य डोक्यात फिरतंय. खरंच हा मनाचा कच्चेपणा आहे का? तुम्ही काय करता? पुढची स्पर्धा नऊ आठवड्यांनी आहे, जावं की नाही तेच ठरत नाहीये.

कातळवेडा
आधी अभिनंदन, फायनलपर्यंत जाणं साधी गोष्ट नाही. पण ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्पर्धेत सगळ्यांचीच फाटते. मी वीस वर्षं शिकवतोय. श्वासावर लक्ष, डोळे मिटून रूट डोक्यात चढून बघणं, आणि मुद्दाम गोंगाटात सराव करणं, याने हळूहळू सवय होते. गर्दीच्या वेळी जिममध्ये जा, रोज थोडं थोडं. मन घट्ट करावं लागतं.

खडूपावडर
वाचतोय. महत्त्वाचा धागा.

शांत_कोपरा
कातळवेडा, तुमचा हेतू चांगला आहे पण इथे मी पूर्ण असहमत. मीही ऑटिस्टिक आहे, सहा वर्षं "सवय होईल" म्हणत गोंगाटात सराव केला आणि त्याचा शेवट असा झाला की जिमच्या दाराशी पोचलं तरी मळमळायला लागायचं. सवय झाली नाहीच, उलट शरीराने ती जागाच धोक्याची म्हणून नोंदवून ठेवली.

मला जो फरक कळायला फार वर्षं लागली तो सांगतो. भीती आणि ओव्हरलोड (आवाज, उजेड, गर्दी हे सगळं एकदम झेपेनासं होणं) बाहेरून सारखेच दिसतात, हात थरथरतात, घाम येतो, डोकं बंद. पण भीती खाली उतरलं की ओसरते. पाय जमिनीला लागले, दोर सोडला, दोन मिनिटांत माणूस हसायला लागतो. ओव्हरलोड खाली आल्यावर वाढतो. कारण वर असताना फक्त मी आणि होल्ड असतो, खाली आलं की माणसं, गाणी, "अरे मस्त चढलास", पाठीवर थाप. तुम्ही म्हणता ते श्वास, व्हिज्युअलायझेशन वगैरे सगळं भीतीवरचं औषध आहे आणि भीतीवर ते लागू पडतंही, मी स्वतः वापरतो. ओव्हरलोडवर तेच दिलं तर माणसाला वाटतं आपण नीट श्वास घेत नाही आहोत म्हणून होतंय. तिथे येणारं ओझंच कमी करावं लागतं.

उजवी_मूठ, तुमच्या बाबतीत तर हे सरळ शरीराचं आहे. सेरेब्रल पाल्सीत दचकण्याची प्रतिक्रिया जास्त तीव्र असते आणि दचकलं की ताठरपणा वाढतो. दोन तास दर मिनिटाला एक धप्प म्हणजे शंभरेक वेळा तुमचा डावा हात आवळला गेला. रूटला हात लावायच्या आधीच तुम्ही एक अख्खा रूट चढून आला होतात, तोही कमजोर हाताने. यात मन कच्चं कुठे आलं?

उजवी_मूठ
शांत_कोपरा, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी डाव्या दंडात गोळे आले होते आणि मला कळतच नव्हतं की तीन होल्डमध्ये एवढं काय झालं.

धाकटीची_आई
माझी मुलगी अकरा वर्षांची, स्वमग्न आहे, एका हाताला बोटं कमी आहेत. तिला उंचीची भीती नाही, पडायची नाही, पण चॉक लावलेला हात स्वतःच्याच दुसऱ्या हाताला लागला की अंगावर काटा येतो, रडते. लिक्विड चॉक आणलं तर त्याच्या वासाने उलटी. कोणाला काही उपाय माहीत आहे का?

खडूपावडर
आयडीला जागून उत्तर देतो :) चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते ओल शोषतं, म्हणून त्वचा कोरडीठाक होऊन खरखरते. काहींना तो कोरडेपणाच सोसत नाही. सुटी पावडर नको, कापडी चेंडूतलं चॉक घ्या, आणि फक्त बोटांच्या टोकांना लावा, तळव्याला नाही. चढून खाली आल्या आल्या ओल्या फडक्याने हात पुसायचा, आणि हा नियम तिला चढायच्या आधीच सांगून ठेवायचा. माझ्या भाचीला "लगेच पुसायला मिळणार आहे" एवढं माहीत असणंच पुरलं.

पाचवी_जोडी
अवांतर : धाकटीची आई, तुमच्यावर अजिबात रोख नाही, पण स्वमग्न हा शब्द मला खुपतो. स्वतःत मग्न म्हणजे काय? मी होल्डमध्ये मग्न असते, दोरात असते, भिंतीतल्या एका भेगेत तासभर मग्न असते. स्वतःत सोडून बाकी सगळीकडे. मी ऑटिस्टिकच म्हणते.

धाकटीची_आई
नाही नाही, राग नाही. आम्हाला डॉक्टरांनी तोच शब्द दिला म्हणून तोच तोंडात बसला. लेकीलाच विचारते तिला काय आवडतं.

शांत_कोपरा
पाचवी_जोडी, +१. आणि हे अवांतर नाहीच मुळी. लक्ष एका वेळी एकाच बोगद्यात जाणं, यावर डायना मरी, वेन लॉसन आणि माइक लेसर यांचा २००५ चा लेख आहे, त्याला मोनोट्रॉपिझम म्हणतात. मला वाटतं वॉलवर आपल्याला बरं वाटतं ते यामुळेच. बोगदा होल्डच्या दिशेने लागला की बाकीचं जग बंद. आणि आयसोलेशनमध्ये बोगदाच सापडत नाही, सगळं एकदम आत येतं.

बिलेवाली
मी ऑटिस्टिक नाही, पण माझी क्लाइंबिंग पार्टनर आहे, तिला बिले देऊन पाच वर्षं झाली. मला सुरक्षिततेबद्दल बोलायचंय.

ओव्हरलोडमध्ये माणूस गाठ विसरू शकतो, हे मूळ पोस्टमध्ये आलंच आहे. ऑटो-बिलेवर (माणसाऐवजी यंत्र दोर सांभाळतं) तर शेजारी कोणी नसतं, आणि क्लिप न लावताच चढायला सुरुवात करणं हे तिथल्या अपघातांचं नेहमीचं कारण आहे, चांगले अनुभवी लोकसुद्धा करून बसलेत. म्हणून आमचा नियम, त्या दिवशी डोकं भरलेलं असेल तर ऑटो-बिले बंद. आणि गाठ मारून झाल्यावर ती दोराच्या जोड्या बोटाने मोजते. फिगर ऑफ एट नीट बसली असेल तर शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन-दोन दोरांच्या पाच जोड्या दिसतात. बोट ठेवून एक, दोन, तीन, चार, पाच. मोजताना अडखळली किंवा परत सुरू करावं लागलं तर त्या दिवशी चढाई नाही, फक्त खाली बसून स्ट्रेचिंग. हे आम्ही घरी शांत डोक्याने ठरवलंय, त्यामुळे त्या क्षणी वाद होत नाही.

दुसरं म्हणजे खुणा. ती कानात प्लग घालते आणि वर गेल्यावर बोलू शकेलच असं नाही. म्हणून मूठ हेल्मेटवर म्हणजे "टेक" (दोर ताणून धर, मी बसतेय), हात बाजूला काढून अंगठा खाली म्हणजे "खाली घे". मी हात वर करून उत्तर देते. माझा हात दिसला नाही तर ती दोरावर बसत नाही. दोर ओढून इशारे करायच्या भानगडीत पडू नका, टॉप रोपवर (वरून अडकवलेल्या दोरावर) ताण आपोआपच कमीजास्त होतो, गफलत होते.

पाचवी_जोडी
बिलेवाली, तुम्ही माझा आयडी कसा आला ते जगाला सांगून टाकलंत!

घड्याळकाटा
प्लगचा विषय निघालाय तर माझी बाजू. मला दिसत नाही, बी१ गटात चढतो, तिथे डोळ्यांवर पट्टी बांधणं सगळ्यांनाच सक्तीचं असतं. ऑटिझमचं निदान चाळिशीत झालं. मी कान बंद करूच शकत नाही कारण माझा गाइड कानातूनच मला रूट दाखवतो. आणि जिमचा घुमणारा आवाज म्हणजे माझ्यासाठी डोळ्यांसमोर कोणी कंदील फिरवल्यासारखं आहे.

मी आणि गाइडने शब्द छाटले. आधी तो बोलायचा, "हां अजून थोडं, थोडं, उजवीकडे, हां, शाब्बास, नाही नाही वर". त्यात कामाचे शब्द दोन. आता फक्त तीन गोष्टी, कुठला अवयव, घड्याळातली दिशा, आणि अंतर. "उजवा हात, एक वाजता, कोपरभर." मग गप्प. होल्ड कसा आहे ते मी विचारलं तरच. "थोडं" या शब्दावर बंदी आहे, थोडं म्हणजे किती हे मला आजही कळलेलं नाही. शाब्बास खाली आल्यावर, तेही दहा मिनिटांनी. सरावात रेडिओ एका कानात आणि दुसऱ्या कानात फोमचा प्लग, त्याने खूप फरक पडला.

ज्यांना दिसतं त्यांनीही आपल्या कोचला शब्द छाटायला सांगून बघा. खालून चार जण चार सूचना ओरडतात तेव्हा कोणालाच मदत होत नसते.

कातळवेडा
घड्याळकाटा, हे वाचून थांबलो. मी खालून भरपूर ओरडतो. कोणी कधी तक्रार केली नाही म्हणून चालतंय असं धरून चाललो.

एक_पाय_पुढे
मी गुडघ्याखाली पाय नसलेला, ऑटिस्टिक. माझी अडचण उलटी आहे, मला आवाज फार त्रास देत नाहीत पण आतून येणारे निरोप पोचतच नाहीत. तहान, भूक, लघवी, दुखणं, सगळं उशिरा आणि एकदम. एकदा सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या खोबणीत) घाम साठून कातडी सोलली गेली होती, घरी लायनर (आतलं मऊ आवरण) काढला तेव्हा रक्त दिसलं. चढताना काहीच कळलं नाही. त्यानंतर तीन आठवडे कृत्रिम पाय घालता आला नाही, म्हणजे चढाई तर सोडा, चालणंही बंद.

आता मी शरीराला विचारत नाही, घड्याळाला विचारतो. दर चाळीस मिनिटांनी मनगटावर कंपन होतं (आवाज नाही), मग बसायचं, लायनर काढायचा, आरशाने खालची बाजू बघायची, पुसायचं, अर्धी बाटली पाणी. तहान असो वा नसो. लाल डाग दहा मिनिटांत गेला नाही तर सेशन संपलं. माझ्या बाबतीत असं दिसलंय की पाणी आणि खाणं वेळेवर गेलं तर आवाजही कमी टोचतात. ओव्हरलोड ओव्हरलोड म्हणतो त्यातला काही भाग म्हणजे नुसती न कळलेली तहान असते.

कानसेन
श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करतो. प्लग जरूर वापरा, पण एक सावधगिरी. दिवसभर, अगदी शांत घरातही प्लग घालून बसलात तर कान आणखी हळवे होऊ शकतात. गोंगाटापुरते घाला, बाहेर आलात की काढा. आणि बोलणं ऐकायची गरज असेल तर सगळ्यात जास्त आवाज अडवणारे घेऊ नका, सगळे सूर सारखे कमी करणारे मिळतात ते घ्या, त्यात बिलेयरचा शब्द कळतो.

निरीक्षक_२
स्पर्धा भरवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. मुळात आंतरराष्ट्रीय पॅराक्लाइंबिंगचे गट दृष्टी, हात, पाय आणि हालचाल-ताकद यांवर आहेत. ऑटिझमचा स्वतंत्र गट नाही. म्हणजे तुम्ही आरपी म्हणून नाव नोंदवता तेव्हा आयोजकाच्या कागदावर तुमचा हात येतो, तुमचे कान येत नाहीत. ते तुम्हालाच कळवावं लागतं आणि आधी, लेखी. पहिली पॅराक्लाइंबिंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०११ ला इटलीत आर्कोला झाली, म्हणजे खेळ तसा तरुण आहे, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदाच येतोय. नियम अजून घडतायत, विचारणाऱ्यांमुळेच घडतात.

मागितल्यावर मिळालेल्या गोष्टी मी पाहिल्यात त्या अशा : आयसोलेशनची खोली आदल्या दिवशी रिकामी असताना बघू देणं, वॉर्मअप वॉलपासून दूरची भिंतीलगतची जागा, पुकारा करताना नावाने न ओरडता समोर येऊन पाटी दाखवणं, कितव्या नंबरवर चढायचं ते जितकं लवकर कळेल तितकं. हेडफोन आणि साधे प्लग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाणी ऐकायचं साधन चढताना चालत नाही, प्लगबद्दल आधी विचारून लेखी उत्तर घ्या म्हणजे ऐनवेळी वाद नको.

नवा_दोर
एक प्रामाणिक शंका. हे सगळं दिलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का? ताण हा स्पर्धेचाच भाग आहे ना?

निरीक्षक_२
रूट तोच, होल्ड तेच, वेळ तीच. कोपऱ्यात बसल्याने कोणाला एक होल्डही जास्त मिळत नाही.

पाचवी_जोडी
नवा_दोर, शंका विचारलीत ते बरंच केलंत. असं बघा, आपण रूट कोण चांगला चढतो ते मोजायला जमतो. ट्यूबलाइटखाली कोण जास्त वेळ बसतो ते मोजायचं असेल तर त्याची वेगळी स्पर्धा ठेवता येईल, मी नाव देणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. उजवी_मूठ, माझं असं, दोन तास बसायचं तर त्या दोन तासांत बोगदा तयार करून न्यायचा. मी सहा मीटरचा जुना दोर नेते आणि गाठी मारत बसते. हातांना काम, नजरेला एकच ठिकाण. हुडी डोक्यावर. आणि हार्नेस आधीच घालून पट्टे नेहमीपेक्षा किंचित घट्ट. तो कमरेचा आणि मांड्यांचा दाब मला शांत करतो. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राणीशास्त्रज्ञ बाईंनी गुरांना लस देताना धरून ठेवायच्या सापळ्यावरून स्वतःसाठी दाबाचं यंत्र बनवलं होतं ते प्रसिद्धच आहे, आपल्याकडे तर ते आधीपासून कमरेला बांधलेलं असतं. फक्त तुमची डावी बाजू ताठर आहे, तर तिकडचा मांडीचा पट्टा रक्त अडवत नाही ना ते बघा.

स्पर्धेला जा म्हणणार नाही, जाऊ नका असंही नाही. थांबायची खूण आधी ठरवून जा एवढंच.

उजवी_मूठ
सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं पण शब्द पुरत नाहीयेत, म्हणून सगळ्यांचे एकत्र आभार. आयोजकांना पत्र लिहायला घेतलंय. निरीक्षक_२, पाटीचं तुमचं वाक्य जसंच्या तसं घेतलं.

उजवी_मूठ (दहा आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. जाऊन आले.

मागितलेल्या चारपैकी तीन गोष्टी मिळाल्या. रिकामी खोली आदल्या दिवशी बघितली, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले, पाटी दाखवली. स्पीकर मात्र बंद झाला नाही, इतर खेळाडूंना गाणी हवी होती आणि त्यांचंही बरोबरच आहे. प्लग घातले. गाठींचा दोर नेला. तासभराने बोलणं गेलंच, पण या वेळी घाबरले नाही कारण कार्ड तयार होतं, "मला ऐकू येतंय, मी आत्ता बोलत नाही." गाठ स्वतः मारली, बोटाने मोजली, पाच. डावा हात चौथ्या होल्डपर्यंत साथ देत होता, मग नेहमीसारखा नुसता टेकवायला वापरला. एकोणिसाव्या होल्डवर पडले. सातवी आले.

खाली आल्यावर पुष्कळ वाईट गेलं, शांत_कोपरा म्हणाले होते तसंच. टाळ्या वाजवत सगळे अंगावर आले. मी ठरल्याप्रमाणे सरळ बाहेर गेले आणि जिन्याखाली अंधारात चाळीस मिनिटं बसून होते. बक्षीस समारंभ चुकला. दुसऱ्या दिवशी दिवसभर झोपले. हे सगळं धरूनच पुढचा सराव तीन दिवस पुढे ढकलून ठेवला होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. कोचना तुमचे प्रतिसाद वाचायला दिले. ते फार बोलले नाहीत, पण परवा खालून ओरडण्याऐवजी हात वर करून उभे होते.

कातळवेडा
उजवी_मूठ, सातवी! मनापासून अभिनंदन. मी वर जे पहिलं लिहिलं होतं ते तसंच राहू देतो, पण आज ते लिहिलं नसतं. माझ्याकडे एक मुलगा आहे, दोन वर्षं मी त्याला "लक्ष कुठंय तुझं" म्हणत होतो. गेल्या आठवड्यात सकाळी सातला, जिम उघडायच्या आधी बोलावलं, दिवे अर्धे लावले, मी एक शब्द बोललो नाही. त्याने सहा महिने अडलेला रूट टॉप केला आणि वरच बसून राहिला, खाली यायलाच तयार नाही. मीही घाई केली नाही.

धाकटीची_आई
वाचून डोळे भरले. लेकीचं उत्तर आलं, तिला "क्लाइंबर" म्हणायचं, बाकी काही नको. कापडी चेंडू आणि ओलं फडकं जमलंय. उजवी_मूठ, तुमच्या प्लगना दोरी होती का? ती हेल्मेटच्या पट्ट्यात अडकते आणि चढताना प्लग निघून येतो.

उजवी_मूठ
हो, माझाही सरावात दोनदा निघाला. दोरी कापून टाकली, आणि जादा जोडी चॉकबॅगच्या बाहेरच्या खिशात ठेवते. आतल्या नको, चॉक लागलेला प्लग कानात घालवत नाही.